लेखणी एकाची, उत्तर दुसऱ्याचे

उन्हाळी सत्राच्या परीक्षेची सकाळ. केंद्राच्या मोठ्या वर्गांतून शेकडो विद्यार्थी माना खाली घालून लिहीत असतात आणि पाने उलटण्याच्या सळसळीखेरीज तेथे काही ऐकू येत नाही. त्याच इमारतीच्या एका टोकाच्या लहानशा खोलीतून मात्र बोलण्याचा आवाज येत असतो. एक तरुण सावकाश, शब्द जोखून बोलत असतो. शेजारी बसलेली, वयाने त्याच्याहून लहान असलेली मुलगी ते शब्द उत्तरपत्रिकेवर उतरवीत असते. मध्येच तो थांबतो आणि मागचे वाक्य वाचून दाखवण्यास सांगतो. ती वाचते. तो त्यातील एक शब्द बदलतो, 'आता नवा परिच्छेद' म्हणतो आणि पुढे निघतो. समोर बसलेले पर्यवेक्षक दोघांकडेही लक्ष ठेवून असतात.

बोलणारा तरुण दृष्टिहीन आहे आणि परीक्षा त्याची आहे. लिहिणारी मुलगी कनिष्ठ महाविद्यालयात शिकते. या परीक्षेत तिला गुण मिळायचे नाहीत, निकालपत्रावर तिचे नावही यायचे नाही. नियमांच्या भाषेत तिला 'लेखनिक' म्हणतात, विद्यार्थ्यांच्या बोलीत 'रायटर'. महाराष्ट्रातील लहानमोठ्या शहरांतून अशा खोल्या दर परीक्षेला भरतात. अंध विद्यार्थ्यांची वसतिगृहे, अंधशाळा आणि स्थानिक सेवाभावी संस्था यांच्या विनंतीला मान देऊन महाविद्यालयीन मुलेमुली तेथे येऊन बसतात. समाजसेवेच्या अनेक प्रकारांत हा प्रकार सर्वांत कमी दिसणारा आहे. तो हुकला, तर मात्र एखाद्याचे वर्ष वाया जाऊ शकते.

सेवेची परंपरा आणि तिची एक शाखा

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी समाजासाठी काही तास काढावेत, ही कल्पना आपल्या देशात जुनी आहे. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतील सुमारे ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. योजनेत नाव नोंदवलेल्या विद्यार्थ्याने वर्षाला १२० याप्रमाणे दोन वर्षांत २४० तास काम करावे आणि एका सात दिवसांच्या विशेष शिबिरात भाग घ्यावा, अशी तिची रचना आहे. 'मी नव्हे, तर तुम्ही' अशा अर्थाचे तिचे ब्रीद आहे. वृक्षारोपण, रक्तदान शिबिर, ग्रामस्वच्छता, गणेशविसर्जनाच्या वेळी निर्माल्य गोळा करणे ही या योजनेची सर्वांना परिचित असलेली कामे. या कामांत अनेक हात एकत्र येतात. एखादा स्वयंसेवक आला नाही, तरी बाकीचे ते तडीस नेतात.

लेखनिकाचे काम यापेक्षा वेगळे आहे. येथे एका विद्यार्थ्यासाठी एकच माणूस असतो. दिवस ठरलेला, वेळ ठरलेली, खोली ठरलेली. तो माणूस पोहोचला नाही, तर त्याच्या जागी ऐनवेळी दुसरा उभा करणे सोपे नसते. सेवेत उत्साहाइतकीच वक्तशीरपणाचीही गरज असते, याचा प्रत्यय या कामाइतका अन्यत्र क्वचितच येतो.

ब्रेल असताना लेखनिक कशाला?

हा प्रश्न अनेकांच्या मनात येतो. लुई ब्रेल यांचा जन्म ४ जानेवारी १८०९ रोजी फ्रान्समध्ये झाला. त्यांनी सिद्ध केलेल्या सहा टिंबांच्या लिपीने जगभरातील दृष्टिहीनांना वाचनाचे दार उघडले. भारतीय भाषांसाठी समान अशी 'भारती ब्रेल' १९५१ मध्ये निश्चित झाली. अंधशाळांतील मुले ब्रेलमध्ये उत्तम वाचतात आणि लिहितातही. परंतु सर्वसाधारण परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्या शिक्षकांना ब्रेल वाचता येत नाही. उत्तर परीक्षकाला वाचता यावे, तर ते शाईनेच लिहिले गेले पाहिजे, आणि त्यासाठी डोळस माणसाचा हात लागतो.

संगणकाने हे चित्र काही अंशी बदलले आहे. पडद्यावरील मजकूर बोलून दाखवणाऱ्या आज्ञावली आता मराठीही वाचतात. प्रकाशकाची परवानगी न घेता दृष्टिहीनांसाठी पुस्तकांच्या वाचनीय प्रती करण्यास २०१२ च्या दुरुस्तीनंतर भारताच्या स्वामित्वहक्क कायद्याने मोकळीक दिली. याच विषयावरील मराकेश करारास २०१४ मध्ये सर्वप्रथम संमती देणारा देश भारतच होता. तरीही महाविद्यालयाच्या मराठी क्रमिक पुस्तकांची, मार्गदर्शकांची आणि हस्तलिखित टिपणांची पाने यंत्राला अजून नीट वाचता येत नाहीत. जोडाक्षरे तुटतात, तक्ते विस्कटतात. म्हणून परीक्षेआधी पुस्तक वाचून दाखवणारा किंवा ध्वनिमुद्रित करून देणारा वाचक आणि परीक्षेत लिहिणारा लेखनिक, या दोघांचीही गरज टिकून आहे. २०११ च्या जनगणनेत देशातील सुमारे ५० लाख व्यक्तींची नोंद दृष्टिदोष असलेल्या म्हणून झाली आहे. त्यांपैकी जे शिकत आहेत, त्यांचा मार्ग बहुतांशी अशा उसन्या डोळ्यांवर आणि उसन्या हातांवर अवलंबून आहे.

नियम काय सांगतात

लेखनिक मिळणे हा उपकाराचा विषय राहिलेला नाही, तो हक्क आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये परीक्षेसाठी वाढीव वेळ आणि लेखनिक या दोन्ही सोयींचा स्पष्ट उल्लेख आहे. केंद्र शासनाने ऑगस्ट २०१८ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रत्येक तासामागे किमान २० मिनिटे अधिक द्यावयाची आहेत. म्हणजे तीन तासांची प्रश्नपत्रिका चार तासांची होते. परीक्षार्थीने लेखनिक स्वतः आणला, तर त्याचे शिक्षण परीक्षार्थीच्या शिक्षणापेक्षा एक पायरी खालचे असावे, पण तो किमान दहावी उत्तीर्ण असावा, असेही २०१८ च्या त्या सूचनांत म्हटले होते. अकरावी-बारावीची मुलेमुली पदवीच्या परीक्षार्थींसाठी लिहिताना दिसतात, त्याचे कारण हेच. भाषांच्या प्रश्नपत्रिकांसाठी वेगळा लेखनिक घेण्याची मुभाही त्यांत आहे. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार यांच्या प्रकरणात दिलेल्या निकालाने या सोयीची व्याप्ती आणखी वाढवली. ज्यांना हाताच्या विकारामुळे लिहिता येत नाही, त्यांनाही केवळ टक्केवारीच्या निकषावर बोट ठेवून लेखनिक नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

कायद्याने हक्क दिला, तरी तो हक्क प्रत्यक्षात उतरवण्यासाठी कोणा एका तरुणाने सकाळी दहा वाजता केंद्रावर हजर राहावे लागते. ही सोय कायद्याला करता येत नाही. ती समाजाने करावयाची असते.

लिहिणाऱ्याची कसोटी

या कामात सर्वांत अवघड काय, असे विचारले तर सहजपणे उत्तर येईल: वेगाने लिहिणे. चार तास सतत लिहिण्याने बोटे आखडतात, हे खरेच. परंतु खरी कसोटी मनाची असते.

परीक्षार्थी एखादे सन चुकीचे सांगतो. लेखनिकाला बरोबर सन ठाऊक असते. लेखणी क्षणभर थबकते. चुकीचे तसेच लिहावे की हळूच दुरुस्त करावे? करुणा म्हणते, दुरुस्त कर, कोणाला कळणार आहे. परंतु तसे केले तर ते उत्तर त्या विद्यार्थ्याचे राहत नाही, आणि त्याच्या कष्टाने मिळवलेल्या बाकीच्या गुणांवरही संशयाची सावली पडते. लेखनिकाच्या जोरावर पास झाला, हा शेरा दृष्टिहीन विद्यार्थ्यांना आयुष्यभर ऐकावा लागतो. दयेपोटी सांगितलेले एक उत्तर त्या शेऱ्याला बळ देते.

याच्या उलट दुसरा मोह आळसाचा असतो. परीक्षार्थीने सहा वाक्ये सांगितली, लेखनिकाने आशय तोच ठेवून चारच लिहिली. हात दुखत होता, वेळ कमी होता, अर्थ तर आलाच, अशी मनाची समजूत घातली जाते. पण जी दोन वाक्ये कागदावर आलीच नाहीत, ती त्या विद्यार्थ्याच्या महिन्यांच्या अभ्यासातून आलेली होती. आणि कागदावर काय आले नाही, हे त्याला दिसत नाही. त्याने सारा विश्वास दुसऱ्याच्या प्रामाणिकपणावर टाकलेला असतो.

व्यापारी घरात वाढलेल्या मुलांना हे समजावून सांगण्यास फार शब्द लागू नयेत. जुन्या पेढ्यांवरील मुनीम रोजमेळात जे घडले तेच लिहीत असे. मालकाचे बरे दिसावे म्हणून आकडा वाढवला नाही आणि लिहिण्याचा कंटाळा म्हणून एकही नोंद गाळली नाही, ही त्याची प्रतिष्ठा होती. श्रावकाच्या अणुव्रतांत सत्य आणि अचौर्य ही दोन व्रते लहानपणापासून कानांवर पडलेली असतात. न दिलेले घेऊ नये, हे अचौर्याचे साधे रूप. दुसऱ्याच्या उत्तरात आपले ज्ञान मिसळणे आणि दुसऱ्याचे शब्द गाळून टाकणे, ही दोन्ही या व्रताच्या कक्षेत येतात. पाठशाळेत पाठ केलेला शब्द परीक्षेच्या खोलीत असा अचानक प्रत्यक्ष समोर उभा राहतो.

आणखी एक गोष्ट या खोलीत नकळत घडते. बाहेरच्या जगात डोळस माणूस देणारा आणि अंध माणूस घेणारा, असे चित्र गृहीत धरलेले असते. येथे अकरावीतली मुलगी बी. ए.च्या राज्यशास्त्राचे उत्तर लिहीत असते. त्यातील अर्ध्या संज्ञा तिने पूर्वी ऐकलेल्याही नसतात. जाणकार असतो तो परीक्षार्थी. कोणता मुद्दा आधी घ्यावा, कोणत्या प्रश्नाला किती वेळ द्यावा, कोठे थांबावे, हे सारे तो मनात मांडून बोलत असतो आणि ती शिकत असते. एकही शब्द न खोडता, पूर्ण उत्तर डोक्यात रचून सांगणे हे किती अवघड आहे, हे त्या खोलीत बसल्याशिवाय उमगत नाही. सेवा करण्यास म्हणून गेलेले मूल घरी परतताना थोडे नम्र होऊन परतते, ते यामुळे.

काशीतील एक उदाहरण

वाचक आणि लेखनिक यांच्या साहाय्याने एक अंध विद्यार्थी कोठवर जाऊ शकतो, याचे उदाहरण जैन समाजाला दूर शोधावे लागत नाही. पंडित सुखलालजी संघवी यांचा जन्म १८८० मध्ये सौराष्ट्रात एका जैन कुटुंबात झाला. वयाच्या सोळाव्या वर्षी देवीच्या आजारात त्यांची दृष्टी गेली. तेव्हा भारती ब्रेल नव्हती, बोलणारे यंत्र नव्हते, परीक्षेत वाढीव वेळ देणारा कायदाही नव्हता. ते काशीला गेले आणि ऐकून ऐकून संस्कृत, प्राकृत, न्याय आणि दर्शनशास्त्र शिकले. पुढे पंडित बेचरदास दोशी यांच्यासह त्यांनी सिद्धसेन दिवाकरांच्या 'सन्मतितर्क' या ग्रंथाचे संपादन केले, तत्त्वार्थसूत्रावर विवेचन लिहिले आणि १९३३ पासून १९४४ पर्यंत बनारस हिंदू विश्वविद्यालयात जैन दर्शनाचे अध्यापन केले. त्यांना १९५८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि १९७४ मध्ये पद्मभूषण सन्मान.

या साऱ्या कार्यामागे त्यांना वाचून दाखवणारे आणि त्यांचे शब्द टिपून घेणारे तरुण होते. त्यांपैकी एक दलसुख मालवणिया. अनाथाश्रमात वाढलेला हा तरुण सुखलालजींना ग्रंथ वाचून दाखवण्यासाठी बनारसला गेला. वाचता वाचता शिकत गेला, आणि १९४४ मध्ये सुखलालजी निवृत्त झाले तेव्हा त्यांच्याच जागी अध्यापक झाला. पुढे अहमदाबादच्या लालभाई दलपतभाई भारतीय संस्कृति विद्यामंदिराचे संचालक म्हणून मालवणियांनी जैन आगम आणि दर्शन यांच्या संशोधनात मोलाची भर घातली. दुसऱ्यासाठी वाचलेले पान त्यांच्याही ठायी रुजले होते. वैयावृत्त्य आणि स्वाध्याय ही आभ्यंतर तपाची दोन अंगे शास्त्रात शेजारी शेजारी येतात. मालवणियांच्या जीवनात ती एकाच बैठकीत साधली गेली.

मार्च एन्ड आणि घरची परवानगी

या सेवेत सर्वांत मोठी अडचण वेळेची आहे. दृष्टिहीन विद्यार्थ्यांच्या परीक्षा आणि लेखनिकांच्या स्वतःच्या परीक्षा बहुधा एकाच मोसमात येतात. व्यापारी घरांत त्यात आणखी एक भर पडते. मार्चअखेर म्हणजे हिशेब मिळवण्याचा, मालाची मोजदाद करण्याचा, येणी वसूल करण्याचा काळ. दुकानात प्रत्येक हात हवा असतो. अशा वेळी मुलाने सांगितले की, परवा चार तास एका विद्यार्थ्याचा पेपर लिहायला जायचे आहे, तर घरातून साहजिकच प्रश्न येतो, 'मार्च एन्डला इथे माणूस पुरत नाही, आणि तू दुसऱ्याचा पेपर लिहीत बसणार?'

हा प्रश्न चुकीचा म्हणता येणार नाही. घरचे काम हेही कर्तव्यच आहे. परंतु त्याचे उत्तर हिशेबाच्याच भाषेत देता येते. चार तासांत दुकानाचे जे नुकसान होईल ते भरून निघण्याजोगे असते, त्या विद्यार्थ्याचे सत्र मात्र हुकले तर सहा महिने किंवा वर्षभर परत येत नाही. जैन व्यापारी कुटुंबे दानात कधी मागे नसतात. अंध विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांत वाढदिवस किंवा आईवडिलांचे पुण्यस्मरण या निमित्ताने भोजन देणारे, ब्लँकेट देणारे, खोली बांधून देणारे दाते पुढे येतात. त्या दानाचे मोल मोठे आहे. परंतु पैशाने लेखनिक विकत आणता येत नाही. आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान या चार दानांपैकी ज्ञानदानात स्वतः बसून द्यावे लागते, मुलाला किंवा मुलीला पाठवावे लागते. घरातील वडीलधाऱ्यांनी त्या सकाळी 'जा, दुकान आम्ही पाहतो' एवढे म्हटले, तर त्या दानात त्यांचाही वाटा पडतो.

आरंभ कसा करावा

इच्छुक विद्यार्थ्याने आपल्या गावातील अंधशाळा, अंध विद्यार्थ्यांचे वसतिगृह, १९५२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड या संस्थेची जवळची शाखा किंवा आपल्याच महाविद्यालयातील राष्ट्रीय सेवा योजनेचा कक्ष येथे चौकशी करावी. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयासारख्या काही ठिकाणी दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र केंद्रही आहे. परीक्षेच्या किमान महिनाभर आधी नाव द्यावे. ओळखपत्र, महाविद्यालयाचा दाखला, छायाचित्र आणि हमीपत्र अशी कागदपत्रे बहुधा लागतात. प्रत्येक मंडळाचे आणि विद्यापीठाचे नियम स्वतंत्र असतात आणि बदलतही जातात, म्हणून दर सत्राला ते नव्याने विचारून घ्यावेत.

परीक्षेपूर्वी परीक्षार्थीची भेट अवश्य घ्यावी. २०१८ च्या सूचनांतही दोन दिवस आधी भेटीची सोय सांगितली आहे. एखादी जुनी प्रश्नपत्रिका घेऊन तासभर सराव केला, तर दोघांचाही वेग जुळतो. प्रत्यक्ष परीक्षेत आधी संपूर्ण प्रश्नपत्रिका, गुणांसह आणि पर्यायांसह, वाचून दाखवावी. विरामचिन्हे आणि परिच्छेद कसे सांगायचे, हे आधीच ठरवून घ्यावे. न कळलेला शब्द अंदाजाने लिहू नये, अक्षरे विचारून घ्यावी. दर अर्ध्या तासाने वेळ सांगावी, कारण भिंतीवरचे घड्याळ त्याला दिसत नाही. उत्तर संपले की ते वाचून दाखवावे. आणि ठरल्या दिवशी येणे अशक्य झाले, तर ते आदल्या रात्री न सांगता, कळताक्षणीच संस्थेला कळवावे. एखाद्याला 'येतो' म्हणून न जाण्यापेक्षा आरंभीच 'जमणार नाही' म्हणणे अधिक हिताचे.

ज्यांना परीक्षेच्या काळात खरोखरच शक्य नसेल, त्यांच्यासाठी वर्षभराचे वाचनाचे काम आहे. आठवड्यातून एक ठरलेला तास वसतिगृहात जाऊन पुस्तक वाचून दाखवावे, किंवा घरी बसून भ्रमणध्वनीवर धडे स्पष्ट आवाजात मुद्रित करून द्यावेत. दुकान सांभाळणाऱ्या गृहिणींना आणि निवृत्त आजोबांनाही हे काम करता येते.

अखेरची घंटा होते. मुलगी शेवटचे पान वाचून दाखवते, पुरवण्या दोऱ्याने बांधते आणि पर्यवेक्षकांच्या हाती देते. तरुण आपली पांढरी काठी उघडतो. दोघे फाटकापर्यंत बरोबर येतात. 'गुरुवारी दहाला,' तो म्हणतो. 'साडेनऊला येते,' ती सांगते, आणि दुकानाकडे निघते. वडिलांनी तिच्या वाटणीची बिले बाजूला काढून ठेवलेली असतात.